लिंबाने खाल्लेली भुकटी

१२ जानेवारी १९९८, नाशिक रोड

सापडलं! सिन्नरहून येणारी शैला आणि मी, दोघींनी कॉलेजात एकाच कृतीने कॅल्शियम फॉस्फेट बनवलं. माझी पांढरी भुकटी पाण्यात तळाशी बसायची, तिची मात्र गायब! सर म्हणाले, हिचं बनवणंच चुकलंय. बिचारी रडवेली.

आज तिला परीक्षानळ्यांत लिंबाचा रस भरून ठेवताना पाहिलं. नंतर तिने त्या नुसत्या वरवर विसळल्या; तळाशी रस उरलाच.

"अगं, लिंबू कशाला?"

"मग? घरचा हंडा लिंबानंच लख्ख होतो ना!"

मी माझ्या भुकटीवर लिंबू पिळलं. विरघळली! शैलाने मला मिठीच मारली.

उरलेलं लिंबू घरी येऊन चोखलं. दात आंबले. दातही कॅल्शियम फॉस्फेटचेच ना? मघापासून जीभ दातांवरून फिरतेय. आहेत, सगळे आहेत!