ज्या बुटांना लोक बेड्या म्हणायचे

माय,

सुट्टीवर पोंभुर्ण्याला आलो आहे. तुझी सून समोर वालाच्या शेंगा सोलून राह्यली आणि मधूनमधून विचारते, "कोणाले लिहून राह्यले एवढं?" तुला तिला पाहायला मिळालं नाही. तू गेलीस तेव्हा मी नागपूरला शिकत होतो. माझी नोकरीही तू पाहिली नाहीस. मलावी म्हणून आफ्रिकेत एक देश आहे. मलाही जायच्या आधी तो नकाशात सापडला नव्हता. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी वाकड्या पायांच्या लेकरांना प्लास्टर घालतो. जन्मलो तेव्हा माझे पाय होते ना, आत वळलेले, तळवे एकमेकांकडे पाहणारे, अगदी तशीच लेकरं रोज येतात.

प्लास्टरनं पाय सरळ होतो, पण तो मोठा हट्टी असतो, संधी मिळाली की परत वळतो. म्हणून पुढं काही वर्षं झोपताना बूट घालावे लागतात, दोन्ही बूट एका लोखंडी पट्टीला जोडलेले. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तू माझे आणले होतेस. विहारात बाया तुला विचारायच्या, "लेकराले बेड्या काऊन घातल्या वं?" आजीनं तर एकदा तू धानाच्या रोवणीला गेलेली असताना ते उचलून कोठीमागे लपवले. तू बांधावरून आलीस, पोटऱ्यांना चिखल तसाच. मला वाटलं, आता आजीची खैर नाही. पण तू आवाजही चढवला नाहीस. "त्याचा पाय फिरला तं तुमी चालसान का मंग त्याच्यासाठी?" एवढंच बोललीस आणि बूट शोधून काढलेस.

रात्री ते घालताना मी भोंगा पसरला. तेव्हा तू काय केलंस, ते मी आजवर दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. बांबूची एक काडी घेतलीस, लुगड्याच्या चिंध्यांनी तुझे दोन्ही घोटे तिला बांधलेस आणि माझ्या शेजारी आडवी झालीस. "आता पाहू कोण आधी झोपते." दरवेळी तूच आधी झोपायचीस, दिवसभर वाकून वाकून जीव गेलेला असायचा तुझा. तू घोरायला लागलीस की मला फार राग यायचा. आता ते घोरणं पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं. लपवू कशाला, माय, या दोन पायांवर मी उभा आहे तो तुझ्यामुळे.

मागच्या पावसाळ्यात तिथं एक बाई आली, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. सरळ झालेला पाय पुन्हा वळायला लागला होता. बूट घालत नाहीत, हे पाहताच कळलं. तुझी शांती माझ्यात कुठली? माझं डोकंच फिरलं. नर्सला म्हटलं, विचार हिला, पोरीला जन्मभर लंगडत ठेवायचं आहे काय. नर्सनं ते गोड करूनच विचारलं असणार, तरी बाई खाली पाहत पुटपुटली. सासू म्हणते म्हणे, लेकराला चोरासारखं बांधून काय ठेवतेस. पोर रडते आणि सगळं घर हिच्यावर तुटून पडतं.

मला आजीची कोठी आठवली. मग मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. जोडे काढून पाय दाखवले. डावी पोटरी माझी अजून बारीकच आहे. बाजारात वांगं उलटसुलट करून पाहतात तशी तिनं ती पाहिली. एवढ्यानंही तिचं समाधान होईना, तेव्हा दवाखान्याच्या चटईवर आडवा झालो, बँडेजनं घोटे लोखंडी पट्टीला बांधले आणि खोटंखोटं घोरून दाखवलं. पोरगी खदखदून हसली. बाईनं विचारलं, आईला लाज नाही वाटली? म्हटलं, तिला लाजायला फुरसत कुठं होती.

पोरीला पुन्हा प्लास्टर लागलं, मग बूट. मी सुट्टीवर निघायच्या आधी दोघी आल्या. पोरगी चालत आली, टाच टेकवून, आणि आल्या आल्या अंगणातल्या कोंबडीमागे पळाली. तिच्या आईनं पिशवीतून एक नवं कापड काढलं, निळं, मोठ्या फुलांचं, तिथल्या बाया कमरेला गुंडाळतात तसलं. नर्सला म्हणाली, याच्या आईला द्यायला सांग.

नर्सला ठाऊक आहे, तू नाहीस. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी कापड घेतलं आणि म्हटलं, देतो. वर हेही सांगितलं, की माझी आई बुटकी आहे, तिला हे पुरून उरेल.

तेव्हा मी खोटं बोलतो आहे असं मला वाटलं नाही, माय. इथं येऊन बॅग उघडली आणि ते कापड हातात आलं, तेव्हा वाटलं.