देवीच्या खांद्यावरचं फूल

सोमवार, तिन्हीसांज.

आज देवळात कौल लावला. वनखातं उठवतंय, तर गाव सोडून जंगलाबाहेर जायचं का न्हाई, त्याचा. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जायचं, डावं पडलं तर राहायचं. आम्ही बायका उंबऱ्याबाहेर, नेहमीसारख्या. किती वेळ झाला, फूल पडेना. पांढरं, ओलं, झोपल्यासारखं.

मला दम निघेना. म्हटलं, "आण्णा, देवीला विचारता, आम्हाला का न्हाई? शेतात आम्हीच राबतो न्हवं?"

गावाचा निवाडा करणारे गावकार आण्णा म्हणाले, "सुमित्रा, देवीपुढं तोंड चालवतीस व्हय?"

"देवीबी बाईच हाय की."

गुरव हसला. म्हणाला, "आण्णा, देवी गप हाय. म्हंजे तुम्हीच बोला म्हणतीय."

आण्णांनी समईची वात पुढं सारली. मग म्हणाले, "उद्या ग्रामसभा. बायका पुढं बसतील, हात वर करतील."

देवी रागावली असंल काय? चुलीपाशी बसले तरी डोळ्यांपुढं तेच फूल, धुरात तरंगतंय. माझ्या भाताच्या खाचरावरनं जातंय, न्हाणीवरनं जातंय, कुठंच उतरत न्हाई.

अजून तिच्या खांद्यावरच असंल. उद्या हात वर करायचा हाय, पण तिला घाई न्हाई. मला हाय.