काठीवरचं नाव

केंट, १६ जून १९२३

ती. एडिथताईस,
विल्फ्रेडचा सा. न. वि. वि.

गोल्फची स्पर्धा संपली. मी सहावा आलो. सहावा म्हणजे वाया गेला, असं तू म्हणशीलच!

त्याहून मोठी बातमी म्हणजे यंदा आम्हा धंदेवाईक खेळाडूंना क्लबात पुढच्या दारानं घेतलं. आजवर बूट बदलायचे ते मोटारींच्या शेडमध्ये आणि जेवायचं तंबूत. यंदा पांढऱ्याशुभ्र टेबलावर सामन मासा! कुठला काटा-चमचा कधी उचलायचा, ते मी मेजर हॅलिवेलकडे चोरून बघत होतो. ते इथले सेक्रेटरी. मला इथे कायमचं नोकरीला ठेवायचं त्यांच्या मनात आहे म्हणतात.

बाबा शेवटच्या दिवशी खेळ बघायला आले होते, पण लवकर गेले. गाडीची वेळ झाली असेल. माझ्या मोठ्या काठीची मूठ सैल झाली आहे, ती पार्सलनं पाठवतो. त्यांना तेवढी बघायला सांग. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा,
विल्फ्रेड


ब्रॅकंब, डेव्हन, २१ जून

चि. विल्फ्रेडला अनेक आशीर्वाद.

सामन पचला ना? स्वस्तातल्या हेरिंग माशांवर पोसलेलं पोट तुझं!

पण मला खरं सांग, तिथे काय झालं? बाबा गेले ते रविवारचा कोट घालून, मान वळणार नाही इतकी कडक कॉलर लावून. आल्यावर घरात न शिरता थेट आपल्या काठ्यांच्या कारखान्यात गेले. तुझ्यासाठी मी केलेली मटण-बटाट्याची पॅस्टी रुमालात तशीच परत आली. पाद्रीबाबांनी तुझी चौकशी केली, तर बाबा म्हणाले, खेळाडू चांगला आहे. एवढंच! एरवी तुझं कौतुक ऐकल्याशिवाय पोस्टातून कुणाची सुटका नसते.

तुझी काठी आली. बारशाला नाव ठेवावं तसं ते प्रत्येक काठीच्या डोक्यावर आपलं नाव ठोकतात, तुला माहीत आहे. काल त्या नावावरून नुसतंच फडकं फिरवत बसले होते. मला भीती वाटते रे. लगेच लिही.

तुझी,
ताई


केंट, २४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून कागदावर सांगतो.

जेवणाआधी मी मेजरसाहेबांबरोबर पुढच्या पायऱ्यांवर उभा होतो. खाली बाबा आले, हातात तुझं रुमालाचं गाठोडं. त्यांनी जन्मात कुठल्या क्लबाचं पुढचं दार ओलांडलेलं नाही, त्यामुळे तिथेच थबकले. मेजरसाहेबांनी विचारलं, हे कोण. मी म्हणालो, माझ्या काठ्या बनवतो तो माणूस. वर शहाणपणा म्हणजे, बघा काय हात आहे, म्हणून काठीही मेजरसाहेबांच्या हातात दिली.

बाबांनी सगळं ऐकलं. टोपी काढून मला सर म्हणाले आणि मागच्या दाराकडे वळले. ताई, सगळ्यात वाईट सांगू? ते गेले तेव्हा मला हायसं वाटलं. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

विल्फ्रेड


ब्रॅकंब, २८ जून

रा. रा. टॅपस्कॉट साहेबांना,
कृ. सा. न. वि. वि.

आपली काठी दुरुस्त करून पाठवली आहे. मुठीला नवं कातडं घातलं आहे. ओली झाल्यास शेगडीजवळ ठेवू नये.

आपण फटका मारताना डावा खांदा लवकर उघडता. ही सवय आपल्याला सात वर्षांचे असल्यापासून आहे.

काम पसंत पडल्यास लोभ ठेवावा.

आपला नम्र,
जेबेझ टॅपस्कॉट


केंट, २ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. 'साहेब' वाचलं आणि मी ओट्यावर बसूनच राहिलो. तुम्ही कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

काठी घेऊन मी मेजरसाहेबांकडे गेलो, मागच्या दारानं. सांगितलं, की तो माणूस माझा बाप आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे. काठीवर आपलंच आडनाव ठोकलेलं आहे, हे मी मूर्ख विसरलो होतो. त्यांनी तेव्हाच वाचलं होतं, आणि माझी लाज राखायला काही न बोलता काठी परत दिली होती.

मग त्यांनी सांगितलं, की 'हे कोण' असं विचारलं होतं ते तुम्हाला आत जेवायला बोलवायचं म्हणून. टेबलाशी एक खुर्ची जास्तीची मांडून ठेवली होती. बाबा, ती खुर्ची मला आठवते. तिच्यावर मी माझी टोपी ठेवली होती.

नोकरीचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. शनिवारी घरी येतो. लोभ मागायला मला तोंड नाही. तोवर पत्र लिहिलंत, तर शिव्यांनी भरलेलं असलं तरी चालेल, पण वर 'चि.' तेवढं लिहा.

तुमचा मुलगा,
विल्फ्रेड