आधी डावीकडे बघ

आई,

मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीला जातेय, चारपर्यंत येते. आज फिरायला जायचं असेल तर खुशाल जा. पासपोर्ट घरीच ठेव; त्याची झेरॉक्स आणि घराचा पत्ता तुझ्या पर्समध्ये घातलाय. इथे गाड्या आपल्या उलट बाजूने येतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघ. 'सोडतो' म्हणणाऱ्या कुणाच्याही गाडीत बसू नकोस.

काल तू हरवलीस तेव्हा तीन तास माझ्या जिवात जीव नव्हता, म्हणून तू आल्यावर तोंडाला येईल ते बोलले. चुकलंच माझं. परतीचं तिकीट लवकरचं कर म्हणालीस, ते मी केलेलं नाही.

पहिल्या महिन्यात मलाही पोलिसांनी घरी आणून सोडलं होतं. फोनवर तुला सांगितलं नव्हतं, एवढंच.

तुझी धाकटी