अर्धं ताट

२ एप्रिल १९९२, देवपूर, धुळे
दवाखान्यातून घरी. लकवा डाव्या अंगावरून गेला, उजवा हात शाबूत, म्हणून लिहितोय. डॉक्टरांचं एक खूळ: म्हणे मला डावीकडचं कळत नाही. डोळ्यांना दिसतं, पण डोक्यात पोचत नाही. हसून सोडून दिलं. मी वजनमापे खात्यातला रिटायर्ड इन्स्पेक्टर. तराजूला लावलेलं बोट गुळाच्या ढेपेआडून ओळखायचो. मला दिसत नाही म्हणे!
खाणं मात्र भरपूर हवं, हे पटलं. भाकरी, डाळ, रोज उकडलेलं अंडं. ताकद आली तर व्यायाम, व्यायाम झाला तर चालणं.
संकल्प: आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, लता माहेरी येईल, तेव्हा फाटकापर्यंत चालत जाऊन लेकीला घरात आणायचं.

४ एप्रिल
यंदाची डायरी फारच अरुंद छापलीय. ओळ सुरू होते न होते तोच संपते. कागदातही चोरी.

५ एप्रिल
घरात मापात पाप. सून पुष्पा वाढते. ताटात अर्धी भाकरी आणि भाजी, बस्स. डाळ नाही, अंडं नाही. विचारलं तर म्हणते, "आबा, ताटमा बठ्ठं शे." सगळं आहे म्हणायचं! मॅट्रिक झाली, पण साक्रीकडची बोली सुटत नाही. आवाज चढवला. तिने ताटाला हात लावून जरा फिरवलं आणि काय, अंडं हजर, डाळ हजर, उरलेली भाकरी हजर.
निष्कर्ष: ओरडल्याशिवाय पूर्ण माल मिळत नाही.

११ एप्रिल
रोज तेच. ओरडतो, तिचा हात ताटाला लागतो, माल निघतो. पदराआड लपवत असावी. व्यायामाला मात्र हुरूप. काठी धरून उभा राहिलो! अभिमनने पाठ थोपटली. मुलगा गुणी आहे, बायकोपुढे मऊ.

१५ एप्रिल
हुकूम काढला. जेवताना माझ्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. काय वाढायचं ते आधीच. पुष्पा म्हणाली, ताट फिरवायला डॉक्टरांनीच सांगितलंय. चोरी पकडली की मोठ्या माणसाचं नाव पुढे करायचं, ही दुकानदारांची जुनी तऱ्हा. रडली. अभिमन आधी तिच्या बाजूने बोलला, मग माझ्या, मग ऑफिसला गेला.

२१ एप्रिल
हुकूम पाळला जातोय. ताटात अर्धंच. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला. उभं राहताना चक्कर येते. ऊन फार आहे. व्यायाम उद्यापासून.

२५ एप्रिल
पुष्पाचा भाऊ पितांबर मुराळी म्हणून आला, बहिणीला आखाजीला न्यायला. त्याला सगळं ऐकवलं. सासऱ्याला उपाशी मारते, म्हटलं, परत पाठवायची घाई करू नका. त्याने चहासुद्धा घेतला नाही. निघताना पुष्पा पाया पडली. मी पाय ओढून घेतले. एकच ओढला गेला.
दारात ती अभिमनला ताटाबद्दल काही सांगत होती. तो स्कूटर पुसत होता.

२९ एप्रिल
अभिमन ताट वाढून ठेवतो आणि पळतो. तोही अर्धंच वाढतो! बायकोने पढवून ठेवलाय. माझं ताट शेजारच्या द्रौपदाबाई उचलून नेतात. त्यांच्या बकरीने अलीकडे चांगलं बाळसं धरलंय.

२ मे
दवाखान्यात वजन केलं. फार उतरलंय म्हणे. काट्यावर पडताळणीचा शिक्काच नव्हता, तसं स्पष्ट सांगितलं. डॉक्टर माझ्या पाठीवरची जखम बघत होते. अंथरुणाला घासून झालीय. पोटात अन्न गेलं नाही तर ती भरणार नाही आणि पायही उभे राहणार नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, ताट चाटूनपुसून साफ करतो. मग उभं राहायला सांगितलं. जमलं नाही. फरशी गुळगुळीत होती.
रिक्षात खूप भीती वाटली.

५ मे, आखाजी
लता आली. फाटक तिचं तिनेच उघडलं.
तिने ताट वाढलं. पोटची पोर, आणि तिने वाढलेल्या ताटातही अर्धी पुरणपोळी! सणाला आमरस नाही! मला रडू आलं. तूसुद्धा, म्हटलं. ती ताटाकडे बघत राहिली. मग तिने ताट फिरवलं. उरलेली पोळी आली. आमरसाची वाटी आली, काठोकाठ भरलेली.
मी तिच्या हातांवर नजर ठेवून होतो. हात पदराकडे गेले नव्हते. पुन्हा फिरव म्हटलं. वाटी गेली. पुन्हा फिरवलं. आली.
रस गोड होता.

८ मे
अभिमन साक्रीला जाऊन आला. एकटाच. पितांबर म्हणाला, उपाशी मारणारी बाई कशाला नेता? शब्द माझेच आहेत.

१२ मे
लता सासरी गेली. अडचण काही नाही. ताट मी स्वतःच फिरवायचं. त्यात काय एवढं? महिन्याभरात चालायला लागेन, मग मीच साक्रीला जाईन. संकल्प.

१३ मे, दुपार
ताट साफ केलं. पोट भरलं नाही. फिरवायचं राहून गेलं. ताट रिकामं दिसलं की जेवण झालंच असं वाटतं.
सवयीने ओरडलो. पुष्पा, अंडं कुठंय?
घरात कुणी नव्हतं. थोड्या वेळाने द्रौपदाबाई आल्या आणि ताट उचलून घेऊन गेल्या.