सशांना ओळखता न आलेली बाटली

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. कंबर कशी आहे? शेक घेता का, की मामीनं विचारलं की ‘घेतला’ म्हणता? (आईही तशीच, तेव्हा दोष रक्ताचा आहे.) मी मजेत आहे.

माझं काम तुम्ही विचारलं होतंत. खेकडा, शेवंड, कोळंबी ही मंडळी एकमेकांची सख्खी की चुलत, हे आम्ही रक्तावरून ठरवतो. खेकड्याच्या रक्ताचं पाणी सशाला टोचायचं. काही आठवड्यांनी त्या सशाचं रक्त खेकड्याला ओळखू लागतं. मग ते ज्याच्या रक्तात घातल्यावर जास्त गढूळ होईल, तो खेकड्याच्या जवळचा. (आपल्याकडे हे काम आत्या नुसत्या तोंडानं करते, आणि गढूळही जास्त होतं.) पाच प्राणी, पाच ससे, वर्षभराची मेहनत.

तर सोमवारी बर्फाच्या पेटीत पाणी साचलं आणि प्राण्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. मी इकडंतिकडं बघून अंदाजानंच नव्या चिकटवल्या. बुधवारी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी तपासलं, तर खेकड्याचा ससा खेकड्यालाच ओळख देईना! सर डोकं धरून बसले. “वर्ष पाण्यात गेलं,” एवढंच म्हणाले. मला ते बघवेना. सगळं कबूल केलं आणि नोकरी गेलीच असं धरून पिशवी भरायला लागले. सर म्हणाले, “अगं, चिठ्ठ्या गेल्या तर गेल्या. सशांना विचार की!”

विचारलं. एकेका बाटलीतला थेंब पाचही सशांच्या रक्तात घालून पाहिला, आणि चार बाटल्यांनी आपली नावं स्वच्छ (म्हणजे गढूळ) सांगितली. पाचवी कुणाशीच बोलेना. कोळंबीची असणार, नासली असेल, म्हणून ताजी कोळंबी आणली. हा किस्सा शोधनिबंधातच घालतो, म्हणतात सर. इतके खूश आहेत. नोकरी शाबूत.

मामीला नमस्कार सांगा.

तुमची,
खेकडेवाली

ता. क. पाचवी बाटली टाकताना हुंगली. पेपरमिंटचा वास. सरांचं खोकल्याचं औषधही त्याच पेटीत असतं, तसल्याच बाटलीत. सोमवारी चिठ्ठ्या लावून उरलेली सहावी बाटली औषधाची समजून मीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती.

आणखी ता. क. म्हणजे सर सोमवारपासून रोज दोन वेळा चमचाभर कोळंबी घेताहेत. “यंदाचं औषध खारट आहे, पण गुण चांगला,” असं कालच म्हणाले. खोकला खरंच थांबलाय. तुमची तीस वर्षं औषधांच्या दुकानात गेली, म्हणून तुम्हाला विचारते. बाधणार नसेल तर सावकाश पत्रानं कळवा. बाधणार असेल तर लगेच फोन करा, आणि तो मला नको, सरांना करा.