मक्याभोवतीची तार

२५ ऑगस्ट, सोमवार

रानडुकरांनी मक्याच्या सहा ओळी आडव्या केल्या! कणसं चघळून टाकलेली. ज्ञानेश्वर बांधावरच मटकन बसला. हे गेल्यापासून शेत एकट्या पोरावर आहे.

२७ ऑगस्ट

मलकापूरहून तारेचं भेंडोळं आलं. शेताभोवती लावून थेट लाइन सोडणार म्हणतो! आजेसासरे माळ्यावर बसून गोफण फिरवायचे. मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, डबे वाजवले. आता करंट.

"माणूस मरन रे!" म्हटलं, तर — "आई, रात्री नवाले चालू, पहाटे चारले बंद. तू उठतंच चारले. बटन तुह्याकडे."

म्हणजे जीव माझ्या हातात. मामाजी ऐंशीचे. रोज सहाला बांधाबांधानं फिरतात, भुऱ्या कुत्रा पुढे, ते मागे.

२९ ऑगस्ट

चारला बॅटरी घेऊन चिखलातून मोटारघरात गेले. बटण बंद केलं. घरी येऊन आंघोळ केली, दिवा लावला — आणि वाटलं, खरंच केलं का बंद? पुन्हा गेले. आता देवघरातल्या कॅलेंडरवर रोज लिहिते, 'बंद'.

१ सप्टेंबर

बंद. हरिपाठात दोनदा चुकले.

३ सप्टेंबर, एकादशी

आज डोळाच उघडला नाही! उठले तर सहा वाजून गेलेले. अनवाणी धावले. मामाजी विहिरीवर न्हाऊन धोतर वाळत घालत होते — तारेवर!

मी किंचाळले. ते हसायला लागले. "ओरडू नको वं सूनबाई. मेली तार हाये ते. लावली त्याच दिवशी बाभळीमागं तोडली म्या पकडीनं."

"मग डुकरं काऊन येत नाहीत?"

"न्हाव्याच्या दुकानातले केस टाकून राह्यलो बांधानं. नाकात गेले का पळतेत. माह्या बापाची युक्ती. पोट्ट्याले सांगू नको, मन मोडीन त्याचं."

शब्द दिला. तिथेच बसून रडले. सुटले!

६ सप्टेंबर

डुकरांचा पत्ता नाही. "पाह्य आई, करंटाची करामत!" ज्ञानेश्वर म्हणाला. मामाजी मिशीत हसले, "हाव बे, मोठा इंजिनेर झाला तू!"

आता मी आधी पूजा आटोपते, मग सातला मोटारघरात जाते — पोराला बटण बंद दिसावं एवढ्यासाठी. कॅलेंडरवर लिहिणं सोडलं. पूजेत मन लागतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

भुऱ्या गेला. तारेला चिकटला. मामाजी दोन पावलं मागे उभे — ओलं धोतर अजून हातातच होतं.

ज्ञानेश्वरला काल बाभळीमागे तुटलेली तार दिसली. त्यानं जोडली. मला सांगितलं नाही. मीही त्याला काही सांगितलं नव्हतं.

सहा वाजले होते. मी देवापुढे बसले होते.